शांतरेषा

"टाचणाच्या खाली चार ओळी मोकळ्या सोडायच्या, मुली. आज काय शिकवणार ते वर लिही. ते मुलांपर्यंत पोचलं की नाही हे कशावरून ओळखणार, ते त्याच्याखाली लिही. आणि शेवटच्या चार ओळी सकाळी कोऱ्याच राहू देत. तिथं संध्याकाळी स्वतःची चूक लिहायची. ज्या दिवशी लिहायला काही सापडणार नाही, त्या दिवशी समज, तू वर्गाकडे बघितलंच नाहीस."

अध्यापक विद्यालयातल्या सरदेशमुखबाईंचा हा आवाज हर्षदाबाई शेवड्यांच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्यांनी त्या चार ओळी इमानाने भरल्या. 'अपूर्णांक घाईत उरकले.' 'मागच्या बाकावरच्या पोराला फळ्यावरचं दिसत नाही हे आज कळलं. जूनमध्येच कळायला हवं होतं.' अशा वह्यांचा एक गठ्ठा हिंगणवाडीच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात होता. मग दोन हजार त्रेचाळीस साली पट्टी आली, आणि वही लिहायचं कारणच उरलं नाही. टाचण पट्टीच करू लागली.

पट्टी म्हणजे कपाळाला बांधायची दोन बोटं रुंदीची मऊ फीत. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा एक सौम्य उजेड कपाळाच्या हाडातून आत जायचा आणि त्यातला थोडा परत यायचा. मेंदू एखाद्या गोष्टीशी झगडू लागला की कपाळामागच्या भागात ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. ताजं रक्त उजेड एका तऱ्हेने पितं, शिळं दुसऱ्या तऱ्हेने. परत आलेल्या उजेडावरून पट्टी ओळखायची, की हे मूल आत्ता झगडतंय. झगडता झगडता गोष्ट कळली, की तो ओघ एका ठरावीक वळणाने खाली उतरायचा. बाईंच्या पडद्यावर आधी चढ दिसायचा, मग ते वळण. त्या वळणाला सगळे 'उमज' म्हणायचे.

परीक्षा गेल्या, पेपर तपासणं गेलं. कुणाला किती उमजलं हे पट्टी रोजच्या रोज लिहायची आणि रात्रीतून प्रत्येक मुलाचं उद्याचं टाचण तयार करून ठेवायची. बाईंनी सकाळी फक्त वाचायचं.

पण प्रत्येकाचं कपाळ वेगळं, झोप वेगळी, रक्त वेगळं. भिंतीची उंची मोजायची तर आधी जमीन कुठे आहे ते ठरवावं लागतं. म्हणून रोज सकाळी मूल निवांत बसलेलं असताना पट्टी दोन मिनिटं त्याची त्या दिवशीची जमीन मोजून घ्यायची. ती शांतरेषा. दिवसभरातलं सगळं मोजमाप तिच्यापासून वर.

केंद्रप्रमुख खोतसाहेब पट्ट्यांची पेटी घेऊन आले, तेव्हा पहिला पेच पडला तो या दोन मिनिटांचाच.

"बाई, वेळापत्रकात जागा नाही. प्रार्थनेनंतरचं तुमचं ते मौन काढून टाका."

हर्षदाबाईंचा आवाज मुळातच हळू. घरी देवापुढे निरांजन लावून एक अध्याय वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी चहा घेतला नव्हता. शाळेतलं मौन त्यांनीच सुरू केलेलं, म्हणून ते त्यांना तसंच नेमाचं वाटायचं. त्या म्हणाल्या, "साहेब, मौन राहू दे ना. तेव्हा मुलं डोळे मिटून शांतच असतात. शांतरेषा त्या वेळीच घेऊ या की."

खोतसाहेब दिलखुलास हसले. "देवाचं काम आणि खात्याचं काम एकाच घंटेत! बाई, तुम्ही आमचे कान कापणार."

पट्टीबरोबर नियमांचा एक कागद होता. त्यात चौथा नियम असा, की शांतरेषा घेण्याआधी प्रत्येक मुलाला विचारावं, 'मनात काही चालू आहे का?', आणि उत्तर ऐकून त्याच्या नावापुढे खूण करावी; तसं केलं नसेल तर नोंदी रद्द. बाईंनी पहिले आठ दिवस विचारलं. सगळी मुलं 'न्हाई बाई' म्हणायची. नवव्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं आणि सव्वीसच्या सव्वीस नावांपुढे एका बोटाने खुणा ओढल्या. तशी दोन वर्षं गेली. हिंगणवाडीची पद्धत तालुक्यातल्या बैठकीत वाखाणली गेली, बाईंना त्याबद्दल शाल मिळाली.

समृद्धी धोत्रे ही पट्टी आली त्याच वर्षी सहावीत या वर्गात आली. बाप मारुती धोत्रे गवंडी, आसपासच्या पाच गावांत देवळांची शिखरं बांधणारा. मुलगी किडकिडीत, बोलायला बेताची. तिची रेघ पहिल्या आठवड्यापासून सपाट होती. गंमत अशी, की उत्तरं बरोबर यायची. उत्तर बरोबर आणि रेघ सपाट, याचा अर्थ पट्टीच्या लेखी एकच होता आणि तो तांबड्या अक्षरांत पडद्यावर उमटायचा: 'आकलन नाही. पाठांतर किंवा नक्कल.'

एके दिवशी बाईंनी तिला उभं केलं होतं. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सगळ्या वर्गाला ऐकू गेलं, पण हळूच.

"कुणाचं बघितलंस, समृद्धी?"

"कुनाचंच न्हाई, बाई."

"मग पाठ केलंस?"

पोरीने बाईंकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. एकदाचं संपावं म्हणून हलवली होती, हे बाईंना तेव्हा दिसलं नाही. त्यांनी तिला कपाटाशेजारी एकटीला बसवलं, घरीही कळवलं. पट्टीने टाचण सोपं केलं: चौथीची बेरीज, चौथीची वजाबाकी. सोप्या बेरजेशी मेंदू कशाला झगडेल? रेघ आणखी सपाट झाली. रेघ सपाट म्हणून टाचण आणखी सोपं. अशी दीड वर्षं ती पोर कपाटाला खांदा लावून बसली होती.

सातवी संपताना प्रत्येक मुलाला दिशापत्र मिळायचं. पुढं शास्त्रशाळा की हस्तकौशल्य केंद्र, ते पट्टीच्या नोंदींवरून ठरायचं आणि खाली वर्गशिक्षिकेची आणि पालकांची सही लागायची. एकदा पत्र तालुक्याला पोचलं की पाच वर्षं दिशा बदलत नसे. मार्चमधल्या त्या गुरुवारी मारुती धोत्रे कामावरून तसाच आला, हाताला वाळलेला चुना. त्याने पत्र धरलं ते कडेने, डाग पडू नये म्हणून.

"कौशल्य केंद्र आहे, मारुतीराव. दोन डोंगर पलीकडे, पण राहायची सोय चांगली आहे."

"तुमी म्हनाल तसं, बाई. हाताचं काम वंगाळ नसतंय, आमी तेच करतोय. पर पोरगी म्हनायची, मला मोटं गणित शिकायचंय." तो ओशाळून हसला. "पोरं काय, म्हंत्यात. तुमी वळीखलं आसंल तेच खरं."

त्याने सही केली. मारुती बाहेर मोटारसायकल वळवायला गेला आणि समृद्धी दारातच घुटमळली.

"बाई, तितं प्रार्थना आसती का?"

"असेल की. का गं?"

"आन् मागनं गप बसायचं? दोन मिंटाचं?"

"ते नसेल कदाचित. ते आपल्याकडेच आहे."

पोरीचा चेहरा पडला. "मग गणित कवा करायचं?"

हर्षदाबाई पत्रांची चळत सारखी करत होत्या. त्यांचे हात थांबले. "मौनात तू गणित करतेस?"

समृद्धी घाबरली. आपल्या हातून काहीतरी मोठं पाप झालंय आणि ते आत्ता बाहेर पडलंय, असं तिला वाटलं. ती भराभर बोलू लागली, "तुमीच म्हनला व्हता बाई, डोळं मिटा आन् जवळ जे सगळ्यात चांगलं आसंल ते देवाला द्या. बाकीच्यांजवळ कायबाय हाय. माज्याजवळ गणितच हाय. मी रोज एक नवं देती. सोपं देत न्हाई, बाई. सगळ्यात आवघड तेच देती."

"आज कुठलं दिलंस?"

"शिखराचं. बाबा बांदत्यात त्ये. खालच्या थराला आठ्ठेचाळीस इटा. वरच्या थराला दोन कमी, त्येच्या वरच्याला आनी दोन कमी. टोकाला दोन ऱ्हात्यात. समद्या मिळून किती? आदी एकेक मिळवत बसायची मी. मग दिसलं, सगळ्यात खालचा थर आन् सगळ्यात वरचा थर, दोन्ही मिळून पन्नास. त्येच्या आतली जोडी, ती बी पन्नास. बारा जोड्या. सहाशे इटा." ती थांबली. "आज दर थराला तीन कमी केल्या. चारशे आठ."

हे बाईंनी शिकवलं नव्हतं. सातवीच्या पुस्तकात ते नव्हतंच. हर्षदाबाईंना आधी गणित कळलं. त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली.

दिवसातलं सगळ्यात अवघड काम ही पोर त्या दोन मिनिटांत करत होती. तेव्हाच पट्टी तिची जमीन मोजत होती. शिखराच्या टोकाला जमीन धरली, तर मग दिवसभरातलं काय वर दिसणार? आणि ते दोन मिनिटांचं मौन बाईंनी राखलेलं. देवाला चांगलं ते द्या, हे बाईंनीच सांगितलेलं. इतक्या मुलांतून ते एकीने मनावर घेतलं, आणि तिलाच त्यांनी कपाटाशेजारी बसवलं होतं.

शुक्रवारी शाळा भरायच्या आधी त्यांनी तिला बोलावून घेतलं. स्वतः पट्टी बांधली.

"आज देवाला काही द्यायचं नाही. नुसती बस. त्या तारेवरचे पोपट बघ."

"मोजू?"

"नको गं बाई, मोजू नकोस! नुसते बघ."

दोन मिनिटं समृद्धी पोपट बघत बसली. हे तिला गणितापेक्षा जड गेलं. शांतरेषा पडद्यावर उमटली, कितीतरी खाली. मग बाईंनी गणित घातलं. "खालच्या थराला पंचेचाळीस विटा. दर थराला पाच कमी. टोकाला पाच."

पोरीचे ओठ हलू लागले. पडद्यावरची रेघ चढली, चढत राहिली. "पन्नास... पन्नास... बाई, ह्यो मधला थर एकटाच ऱ्हातोय. त्येला जोडीच न्हाई." कपाळावर पट्टीखाली आठी पडली. रेघ पडद्याच्या माथ्याला टेकली. "आसू दे! पन्नासाचा निम्मा हाय त्यो. चार जोड्या आन् हा. दोनशे पंचवीस." आणि रेघ ते वळण घेऊन खाली उतरली. इतकं स्वच्छ वळण बाईंनी या वर्गात पाहिलं नव्हतं.

समृद्धीने विचारलं, "बाई, म्हंजी मी कापी केली नव्हती, आसं दिसतंय का त्येच्यात?"

"दिसतंय, बाळा."

"मग एवडं बाबास्नी सांगाल? त्या वक्ताला तुमी कळिवलं तवा त्यांनी मला देवळात न्हेऊन शपत घाया लावली. मी घेतली, न्हाई केली म्हनून. पर त्यास्नी वाटतंय मी देवाफुडं खोटं बोलले. तवापासनं शिखरावर चडू देत न्हाईत मला."

"सांगेन. मी स्वतः सांगेन."

दुपारी त्यांनी खोतसाहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हता. माणसं अडचणीतून सोडवणं हा त्याचा हातखंडा होता.

"बाई, तुम्ही पद्धत चुकली असं लिहिलंत, की चौथा नियम लागतो. सव्वीस पोरांच्या दोन वर्षांच्या नोंदी रद्द. पत्रं तालुक्याला जायच्या आधी, बारा दिवसांत, प्रत्येकाचं मूल्यमापन तुम्ही स्वतः तोंडी करून द्यायचं. वर चौकशी. ती शाल आठवते ना? जिल्ह्यात नाव आहे तुमचं."

"पण ती मुलगी, साहेब."

"मुलीला न्याय द्यायचाच. एकीपुरतं लिहा, 'पट्टी नादुरुस्त होती.' पट्टी बदलून मिळेल, पत्र बदलून मिळेल. मुलीचं काम झालं, तुमचंही झालं. यंत्राला कुठं अब्रू असते?"

हर्षदाबाईंनी तसं लिहिलं. 'पट्टी क्रमांक सतरा, नादुरुस्त.' खाली सही केली. मारुतीला काय सांगायचं तेही घरी जाताना मनात जुळवलं: यंत्रच बिघडलं होतं हो, मारुतीराव, आता काय करणार! हे वाक्य त्यांनी तीनदा घोळवलं आणि तिन्ही वेळा ते अगदी सहज आलं. इतकं सहज, की त्यांनाच आपली भीती वाटली.

शनिवारी सकाळची शाळा. घरी निरांजन झालं, अध्याय झाला. शाळेत प्रार्थना संपून मौन सुरू झालं, आणि सवयीने त्यांची नजर पडद्याकडे गेली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की दोन वर्षांत या मौनात आपण एकदाही डोळे मिटलेले नाहीत. सव्वीस रेघा नीट उमटताहेत की नाही, हेच बघत उभ्या असायच्या. मौन वाचवलं म्हणून शाल घेतली आणि मौन तर त्यांनी पाळलंच नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. जवळ जे सगळ्यात चांगलं असेल ते द्यायचं, म्हणून शोधू लागल्या. हाताला कालची सही लागली. दुसरं काही पुढं येईना.

डोळे उघडून त्यांनी पडदा मिटवला. "पट्ट्या काढा. आणि मला खरं सांगा. मौनात कोण काय करतं? रागावणार नाही."

वर्ग एकमेकांकडे बघू लागला. मग वैभवी म्हणाली, "मी गाणं म्हणते, बाई. मनात." ओंकारने शेळ्या सांगितल्या, कुठली कुठं चरायला न्यायची ते तो तेव्हाच ठरवायचा. गेल्या वर्षी आई गेलेली फरजाना खाली बघत होती. बाईंनी जवळ जाऊन विचारलं, तेव्हा पुटपुटली, "अम्मीचा चेहरा आठवते. नाहीतर विसरेल." तिचीही रेघ वर्षभर सपाट होती.

सगळ्यात शेवटी सरपंचांचा नातू यशराज उभा राहिला. शास्त्रशाळेचं पहिलं पत्र त्याचं होतं. त्याच्यासारखी उंच रेघ तालुक्यात नव्हती.

"मी झोपतो, बाई."

वर्ग फिसकन हसला.

"खरंच. मस्त लागते. दोन मिंटांत एक स्वप्न पण पडतं."

झोपलेल्या पोराची जमीन पाताळात. मग तो नुसता जागा झाला तरी डोंगर दिसणार. हर्षदाबाई खुर्चीत बसल्या. कपाटाजवळच्या समृद्धीकडे बघायचा त्यांना धीर होईना, पण बघितलं.

"मुलांनो, मी तुम्हाला रोज विचारायचं असा नियम होता. मी विचारलं नाही. विचारलं असं लिहिलं मात्र रोज. पट्टी बिघडली नव्हती. माझं चुकलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आज शेवटच्या बाकापर्यंत कुणी हललं नाही. "आता कुणाच्याही नावापुढं काही लिहायच्या आधी मी त्याला विचारीन. माझ्या तोंडाने."

यशराजने काळजीने विचारलं, "बाई, म्हणजे आता झोपायचं न्हाई व्हय?"

"झोप रे बाबा," त्या म्हणाल्या. "फक्त मला सांगून झोप."

मग त्यांनी समृद्धीचं दप्तर स्वतः उचललं आणि मधल्या रांगेत वैभवीशेजारी नेऊन ठेवलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी कालचा अर्ज मागे घेतला आणि नवा लिहिला. चौथ्या नियमाखाली, स्वतःच्या नावाने, सव्वीस मुलांसाठी. पाठवला आणि लगेच साहेबांचा फोन आला.

"बाई, काय केलंत हे! आता सरपंचांना मी काय तोंड दाखवू?"

"त्यांच्याकडे मी जाईन, साहेब. तुम्ही नका त्रास घेऊ."

"आणि चौकशीत विचारलं, दोन वर्षं काय करत होतात, तर?"

"काय करत होते तेच सांगेन."

पलीकडे साहेब कागद चाळताना ऐकू आले. मग म्हणाले, "बारा दिवस आहेत. लागलं काही तर कळवा," आणि फोन ठेवला.

हर्षदाबाईंनी कपाट उघडलं. गठ्ठ्यातली सगळ्यात वरची वही काढून शेवटचं लिहिलेलं पान शोधलं. त्या दिवशीचं टाचण होतं, उद्दिष्ट होतं, आणि खाली चार ओळी तशाच कोऱ्या. पट्टी आली तोच हा दिवस. त्यांनी पेन उघडलं आणि त्या चार ओळींत लिहिलं, बारीक अक्षरांत, तरी जागा पुरली नाही, समासात गेलं. सरदेशमुखबाई असत्या तर त्यांनी ते वाचून काय म्हटलं असतं, याचा विचार त्यांनी केला नाही. तेवढंही समाधान आज नको होतं.

मारुतीला फोनवर सांगता आलं असतं. पण पोरीवर आळ त्यांनी सगळ्या वर्गासमोर घेतला होता, आणि तिला शपथ घ्यावी लागली ती देवळात. शिखराचं काम ओढ्यापलीकडच्या माळावर चालू होतं, पाऊण तासाची वाट. माध्यान्हीचं ऊन होतं. हर्षदाबाईंनी वही पिशवीत घातली, पदर डोक्यावरून घेतला, कुलूप लावलं. फाटकाशी समृद्धी उभी होती. बाई येतात की नाही, हे बघायला थांबली असावी.

"चल," बाई म्हणाल्या, "वाट दाखव."

आणि दोघी ओढ्याच्या दिशेने निघाल्या.